छातीला लावलेला कान

हृदयविकारतज्ज्ञाच्या दारावरची पाटी वाचायला चार क्षण पुरतात. ती रंगवायची वेळ येईपर्यंत मात्र एक तप उलटून जातं. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची तीन. अधल्यामधल्या प्रवेशपरीक्षा, सरकारी सेवेचा बॉण्ड आणि ‘यंदा थोडक्यात हुकलं’ म्हणत अभ्यासिकेत काढलेलं एखादं वर्ष हे सगळं वरकड. आमच्या आळीतला एक मुलगा या वाटेला लागला तेव्हा आम्ही सगळे एकाच बॅटने क्रिकेट खेळत होतो. तो पाटीपाशी पोहोचला तेव्हा आमच्यातल्या काहींची मुलं शाळेच्या गणवेशात आली होती, काहींचे केस परतीच्या वाटेला लागले होते, आणि एकाने तर आपलं पोट इतकं वाढवून ठेवलं होतं की पहिल्या रुग्णाचा मान आपल्यालाच, अशी त्याची खात्री होती. मधल्या काळात तो कुणाच्या लग्नाला आला नाही; आलाच तर अक्षता टाकून पंगतीआधी पसार. त्याच्या आईला कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘शिकतोय अजून.’ अठ्ठाविसाव्या वर्षीही शिकतोय म्हणजे पोरगं नापास होत असणार, असा आळीतल्या आजीवर्गाचा कयास होता. आईनेही तो फार जोरात खोडून काढला नाही. दृष्ट लागण्यापेक्षा ते बरं.

एवढी वर्षं शिकतात तरी काय, हे कोडं मला पुष्कळ दिवस सुटत नव्हतं. ज्याच्याबद्दल शिकायचं ते प्रकरण मुठीएवढं, वजनाला पाव किलोहून थोडं जास्त. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, मिनिटाला पाचेक लिटर रक्ताची ने-आण, आणि या नोकरीवर ते रुजू होतं जन्माच्या कितीतरी आधी, आईला आपण आई होणार हे नुकतंच कळलेलं असतं तेव्हा. रविवार नाही, दिवाळी नाही, किरकोळ रजा नाही. मेंदूला रात्री निदान स्वप्नं पडतात, पोटाला एकादशीच्या निमित्ताने साबुदाण्याचा का होईना पण पालट मिळतो. हृदयाच्या नशिबी दोन ठोक्यांमधली ती अर्ध्या सेकंदाची सवड, तेवढीच. एकदा मी आमच्या त्या डॉक्टर मित्राला सरळ विचारलं, की बाबा रे, बारा वर्षं तू शिकलास काय? तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, ‘ऐकायला.’ मला वाटलं, टाळतोय. पण पुढे त्याच्या विद्येचा इतिहास चाळत गेलो तसं लक्षात आलं, की त्याने परीक्षेत लिहितात तसं नेमकं उत्तर दिलं होतं.

या ऐकण्याची सुरुवातच मोठी गोड आहे. १८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लाएनेक नावाच्या शिडशिडीत डॉक्टरपुढे एक तरुण, अंगाने भरलेली स्त्री आली. तिला हृदयाचा त्रास असावा असं दिसत होतं. तोवरची रीत अशी, की डॉक्टरने सरळ रुग्णाच्या छातीला कान लावायचा. लाएनेकला ते अवघडल्यासारखं झालं. त्याने कागदाची एक घट्ट सुरळी केली, तिचं एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसरं आपल्या कानाशी धरलं, आणि कान थेट लावून कधी आले नव्हते इतके स्वच्छ ठोके त्याला ऐकू आले. लाएनेक बासरी वाजवायचा आणि लाकूड कातायचा. त्यामुळे सुरळीची लाकडी नळी व्हायला फार दिवस लागले नाहीत. १८१९ साली त्याने आपल्या ऐकण्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे क्षयाने त्याला गाठलं तेव्हा त्याच्या छातीला हीच नळी लावून त्याच्याच पुतण्याने निदान केलं, असं सांगतात. कुठल्याही शास्त्राचं पहिलं हत्यार लढाईतून यावं, गरजेतून यावं, निदान लोभातून तरी यावं. हृदयवैद्यकाचं मात्र एका भल्या माणसाच्या संकोचातून आलं. माणसाच्या जवळ जायला लाजला म्हणून तो फूटभर लांब सरकला, आणि लांब सरकला म्हणूनच त्याला आतलं ऐकू आलं. यात काहीतरी गफलत आहे हे मला कळतं, पण ती कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही.

नळी आली म्हणून ऐकू येतंच असं नाही. वॉर्डातला तो सोहळा आमच्या मित्राने मला पुष्कळदा रंगवून सांगितला आहे. सकाळचा राऊंड. सर खाटेशी थांबतात. खाटेवर बावीस-तेवीस वर्षांची एक बाई. लहानपणी घसा धरून ताप येऊन गेलेला, सांधे सुजलेले, घरच्यांनी शेक देऊन विषय संपवलेला. हा ताप सांध्यांना नुसता चाटून जातो, चावतो तो हृदयाला, असं डॉक्टर लोक म्हणतात. आता तिची एक झडप आक्रसली आहे. सर तिला डाव्या कुशीवर वळायला सांगतात, स्टेथोस्कोपची छोटी वाटी अलगद टेकवतात आणि डोळे मिटतात. दूरच्या घाटात मालगाडी चढणीला लागावी तशी एक खोल घरघर तिथे असते म्हणे. मग एकेक विद्यार्थी वाकतो. पहिल्याला काहीच ऐकू येत नाही. तो मान डोलावतो. दुसऱ्याला स्वतःच्याच कानातलं रक्त वाजताना ऐकू येतं. तो जास्त जोरात मान डोलावतो. तिसरीला पंख्याची घरघर नीट ऐकू येते, ती ‘येस सर’ म्हणते. कोपऱ्यात उभे असलेले वॉर्डातले मामा हा सोहळा वर्षानुवर्षं बघत असल्याने तेही मान डोलावतात. महिने जातात. आणि मग एका अपरात्री, पंखा बंद पडलेला असताना, कुणाच्या तरी छातीत ती मालगाडी खरोखर लागते. तो क्षण, आमचा मित्र म्हणतो, पदवीदान समारंभापेक्षा मोठा. त्या क्षणी आपण कुणाच्या दुःखावर इतके खूश झालो आहोत हे लक्षात येऊन तो जरा शरमलाही होता. पेशंटबाईंनी विचारलं, ‘काय झालं?’ तो म्हणाला, ‘काही नाही, ऐकू आलं.’

पण ज्यांना कानांनी ऐकूच येत नाही त्यांचं काय? अमेरिकेत बाल्टिमोरला हेलन टॉसिग नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. त्या लहान मुलांच्या इवल्या छात्यांवर बोटं ठेवून ठोके वाचायला शिकल्या. श्वास लागलेली, ओठ निळे पडलेली मुलं त्यांच्यासमोर येत आणि या बाई त्यांच्या छातीवर हात ठेवून बसत. याच बोटांनी जे ओळखलं त्यातून १९४४ साली त्या निळ्या बाळांवरची शस्त्रक्रिया उभी राहिली. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांत एक होत्या आपल्या डॉ. पद्मावती, ब्रह्मदेशात जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयविकारतज्ज्ञ. नव्वदी ओलांडल्यावरही त्या दिल्लीत रुग्ण तपासत होत्या आणि एकशे तीन वर्षांच्या होऊन २०२० साली गेल्या. इतरांच्या हृदयांची एवढी उस्तवार करूनही स्वतःचं शंभरीपार नेणं हे या धंद्यात सहसा जमत नाही. मुंबईत हजारो हृदयं हाताळलेले नामवंत शल्यविशारद नीतू मांडके २००३ साली गेले ते हृदयविकाराच्याच झटक्याने. हृदय ओळखपाळख ठेवत नाही.

कानानंतर आली तार. लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर नावाच्या गृहस्थांनी १८८७ साली माणसाच्या हृदयातली वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली, पण प्रयोग दाखवताना ते बरेचदा आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगला घेऊन जात. जिमी मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पंजे बुडवून शांत उभा राहायचा. १९०९ साली रॉयल सोसायटीत त्याने असा प्रयोग दिला तेव्हा ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, की या मुक्या जनावरावर हे अत्याचार कशासाठी? गृहमंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं, की समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभं राहण्यापलीकडे कुत्र्याला काही सोसावं लागलेलं नाही. खुद्द वॉलरना आपल्या या तंत्राचा रुग्णालयात फार उपयोग होईल असं वाटत नव्हतं. तिकडे नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइनथोवेन यांनी जे यंत्र बांधलं ते अडीचशे किलोंहून वजनदार होतं, दोन खोल्या व्यापायचं, चालवायला पाच माणसं लागायची, आणि त्याचा जीव होता एका केसाहून बारीक काचतंतूत. यंत्र हलेना आणि रुग्णही हलवता येईनात, म्हणून त्यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर तार ओढली. रुग्ण तिकडे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसलेला, डॉक्टर इकडे त्याच्या ठोक्यांचा डोंगर-दऱ्यांचा आलेख बघतोय. लाएनेकचं फूटभर अंतर आता दीड किलोमीटर झालं होतं. आइनथोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळालं, त्यांनी आलेखातल्या शिखरांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आजही तशीच आहेत, आणि तो अडीचशे किलोंचा डोलारा आज कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एका सुटकेसमध्ये बसतो. बुलडॉगच्या जागी आपण असतो. सिस्टर छातीवर थंडगार जेल लावतात आणि ‘हलू नका’ म्हणतात. त्या क्षणी नाकाला जी खाज सुटते तिच्यावर संशोधन झालेलं नाही.

आणि तरीही या मंडळींचं समाधान होईना; त्यांना थेट आतच जायचं होतं. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरला वाटलं, की हाताच्या शिरेतून नळी सरकवत हृदयापर्यंत जाता येईल. वरिष्ठांनी साफ मनाई केली. उपकरणांच्या कपाटाची किल्ली ज्या परिचारिकेकडे होती तिला त्याने पटवलं. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर कर. त्याने तिला टेबलाला बांधलं आणि तिचं लक्ष नाही असं बघून स्वतःच्या दंडातून नळी आत सरकवायला लागला. पासष्ट सेंटिमीटर आत गेल्यावर जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोहोचल्याचं चित्र काढून घेतलं. ती नळी मुळात मूत्रमार्गासाठी बनवलेली होती, आणि पुढे हृदयवाल्यांनी त्याला फारसं जवळ केलं नाही म्हणून फोर्समान झाला मूत्रविकारतज्ज्ञ. १९५६ साली नोबेल जाहीर झालं तेव्हा तो तेच काम करत होता. १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत गेलं. असं झालं तर माणूस दगावतो, हा तोवरचा पक्का समज. ठोके थांबले तसे सोन्स ओरडले, ‘खोका, खोका!’ तो खोकला, ठोके परत आले आणि हृदयधमन्यांची अँजिओग्राफी जन्माला आली. १९७७ साली झुरिचमध्ये अँड्रिआस ग्रुंट्झिग यांनी अरुंद झालेली धमनी आतून फुगा फुगवून उघडली. ते फुगे त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तयार केले होते. आज मनगटातून तार जाते, रुग्ण टक्क जागा असतो आणि पडद्यावर स्वतःचंच हृदय धडधडताना बघतो. डॉक्टर पाच-सहा किलोंचा शिशाचा एप्रन घालून तासन्‌तास उभा असतो, आणि संध्याकाळी इतरांची हृदयं रुळावर आणून स्वतःची कंबर धरून बसतो.

हे सगळं जिथे चालतं त्या कॅथ लॅबच्या बाहेर वेगळंच नाटक चालू असतं. दार अर्धं उघडतं, हिरव्या टोपीतला डॉक्टर बाहेर डोकावतो आणि म्हणतो, ‘दोन ब्लॉक आहेत. एक ऐंशी टक्के, एक नव्वद. स्टेंट घालूया.’ नातेवाइकांच्या घोळक्यातून पहिला प्रश्न येतो, ‘कंपनी कोणती?’ आयुष्यात फ्रिज घेताना, मिक्सर घेताना विचारलेला हा प्रश्न तोंडून सुटतो आणि विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटतं. मग दुसरा, ‘इंपोर्टेड घालू का साधा?’ तिसरा कोपऱ्यात जाऊन कुठल्यातरी भाच्याला फोन लावतो, जो संगणकात आहे पण सगळं जाणतो. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत ₹२९,६०० वर बांधून टाकली, तेव्हापासून या संवादातली घासाघीस बरीच ओसरली आहे. भीती मात्र तितकीच आहे. प्रश्न कंपनीबद्दल असतो, विचारायचं असतं ते ‘वाचतील ना?’ हे. आमचा मित्र या दारात कितीही घाईत असला तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन लगेच आत जात नाही. तो तिथेच थांबतो. न विचारलेला प्रश्न सहसा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंकडे असतो. त्यांच्याकडे बघून तो म्हणतो, ‘गप्पा मारतायत आत. चहा मागतायत.’

खरं निदान, तो म्हणतो, दुखणं दाखवणाऱ्या हाताकडे बघून होतं. एका बोटाने ‘इथे, अगदी इथे’ म्हणून दाखवणारा रुग्ण बहुतेक वेळा सुखाने घरी जातो. अख्खी मूठ छातीवर धरणाऱ्याला तो आधी खुर्चीत बसवतो. बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन यांचं नावच या मुठीला मिळालं आहे. पण आपल्याकडे मुठीच्या आधी गॅस येतो. छातीत भरून आलं की महाराष्ट्रातल्या पुरुषाला पहिल्यांदा आठवतो तो काल रात्रीचा वडा. मग ओवा, मग सोडा, मग शेजारच्या काकांनी दिलेली गोळी, आणि मौल्यवान तासभर उलटून गेल्यावर रिक्षा. ओपीडीत तर कहाणी आणखी रंगते. ‘दम लागतो का?’ ‘छे, दम वगैरे काही नाही.’ मागून बायको शांतपणे म्हणते, ‘दुसऱ्या मजल्यावर रोज सोसायटीची नोटीस वाचायला थांबतात. ती नोटीस गणपतीतली आहे.’ १७६८ साली विल्यम हेबर्डन यांनी लंडनच्या डॉक्टरांपुढे या दुखण्याचं वर्णन वाचलं तेव्हा हेच सांगितलं होतं, की ते चालताना येतं, चढणीवर आणि जेवल्यावर जास्त येतं, आणि उभं राहिलं की नाहीसं होतं. पुढे असे कितीतरी रुग्ण दुकानांच्या काचांपुढे उभे राहून कळ जिरवताना डॉक्टरांनी हेरले. माणूस आपलं दुखणं लपवायला नेहमी काहीतरी वाचत उभा राहतो. केस पेपरवर नाव नवऱ्याचं असलं तरी मजकूर बहुतेक बायकोचा असतो.

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आमचा मित्र दिवसातून किती वेळा उच्चारत असेल देव जाणे. ते ऐकून कुणाचं टेन्शन उतरल्याचं त्याच्या पाहण्यात नाही. लंडनचा विख्यात शल्यविशारद जॉन हंटर याला हाच छातीचा विकार होता. आपला जीव कुठल्याही हलकटाच्या हाती आहे, त्याने मला चिडवलं की मी संपलो, अशा अर्थाचं तो बोलून दाखवायचा. १७९३ साली आपल्याच रुग्णालयाच्या बैठकीत कुणीतरी त्याला विरोध केला, तो रागाने शेजारच्या खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. स्वतःचं इतकं अचूक निदान करूनही समितीच्या बैठकीला जाणारा माणूस तेव्हाही होता. सोसायटीच्या वार्षिक सभेला जाणारे आजही आहेत. रक्तदाबावर औषध शोधायलाही कान वेगळ्याच दिशेला लावावा लागला. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीकडे लक्ष दिलं. वैद्यांच्या आणि खेडोपाड्यांतल्या माणसांच्या वापरात ती शतकानुशतकं होती, साप चावल्यावर, डोकं फिरल्यावर. कलकत्त्याच्या डॉक्टरांनीही तिच्यावर लिहिलं होतं. वकिलांनी ती पन्नास रुग्णांवर पारखून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले आणि जगभरच्या डॉक्टरांना रक्तदाब उतरवणारं औषध सापडलं. १९५७ साली त्यांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. आज ती मुळी मागे पडली आहे. पण स्टेथोस्कोप गळ्यात असलेल्या माणसाने झाडपाल्यावाल्याचंही ऐकून घेतलं, याचं मला अप्रूप वाटतं.

या साऱ्या उपकरणांत माझं सर्वांत लाडकं उपकरण आहे आरामखुर्ची. एके काळी हृदयविकाराचा झटका आला की रुग्णाला चार-सहा आठवडे पलंगावर निश्चल ठेवत. कुशीवर वळायचं नाही, हाताने जेवायचं नाही, दाढी करायची नाही. आमच्या आळीत असे आजोबा मी पाहिले आहेत. घरात कुणी मोठ्याने हसायचं नाही, रेडिओ बंद, आणि ते बिचारे आढ्याकडे बघत आपल्या मरणाची तयारी असल्यागत पडलेले. हृदय विश्रांती घेत असेल, पण पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या आणि मन तर आधीच पुढच्या प्रवासाला निघालेलं. तेच लेव्हिन आणि त्यांचा तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी १९५०च्या सुमारास ठरवलं, की या माणसांना उचलून खुर्चीत बसवायचं. बाकीच्या डॉक्टरांना हा निव्वळ खून वाटला. पण खुर्चीत बसलेले रुग्ण लवकर सावरू लागले, त्यांना बरं वाटू लागलं, ते घरी कधी सोडणार म्हणून कटकट करू लागले. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना खिडकी दिसते, आढं दिसत नाही; एवढाच काय तो फरक. लाउन यांनी पुढे हृदयाला विजेचा झटका देऊन ताल सुधारणारं यंत्र बनवलं आणि अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची संघटना उभारली. तिला १९८५चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. मला मात्र हा माणूस आवडतो तो खुर्चीमुळे. मरणाच्या दारातून माणसाला परत आणायला त्याने बैठकीच्या खोलीतलं सामान वापरलं.

एका संध्याकाळी मी आमच्या मित्राच्या कन्सल्टिंगमध्ये कोपऱ्यात बसलो होतो; ओपीडी संपली की आम्ही जेवायला जाणार होतो. साडेनऊ वाजून गेले होते. दुपारी तो एक वडापाव उभ्या उभ्या खाऊन कॅथ लॅबमध्ये शिरला होता, आणि आता समोरच्यांना तळलेलं टाळा, वेळेवर जेवा, असं ठणकावून सांगत होता. प्रत्येकाचा एको, कार्डिओग्राम, सगळे कागद समोर असूनही तो प्रत्येकाच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होता. मधल्या फटीत मी विचारलं, की एकोत सगळं दिसतं तर हे कशाला? ‘दिवसभरात पेशंट आणि मी दोघंही एकदम गप्प असतो ते तेवढंच,’ तो म्हणाला. ‘आणि एक गंमत बघ. माणूस खरं काय ते सांगतो उठून दारापर्यंत गेल्यावर. कडीला हात लागला की म्हणतो, जाता जाता एक विचारायचं होतं. मुलाने घर सोडलंय, नाहीतर गोळ्या परवडत नाहीत, नाहीतर रात्री भीती वाटते. म्हणून मी पेशंट उठला तरी पेनाला टोपण लावत नाही.’

शेवटच्या होत्या जुन्नरकडच्या एक आजी. झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी चालू, रिपोर्ट उत्तम. त्याने ऐकलं, लिहिलं, तीन महिन्यांनी यायला सांगितलं. आजी पदर सावरत उठल्या, नातवाचा हात धरून दारापर्यंत गेल्या आणि कडीला हात लावून वळल्या. ‘डॉक्टर, जाता जाता एक इचारू का?’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि पेन उचललं. ‘विचारा ना आजी.’

‘तुमी झोपता कवा?’

तो हसला. ‘ते तपासण्यांत येत नाही, आजी.’

‘येत न्हाई म्हनूनच इचारते. डोळं बघा कसं झालंत. धाला आडवं व्हायचं. फुडच्या खेपेला मी इचारनार हाय.’ एवढं बजावून त्या नातवाला पुढे घालून चालू लागल्या. आमच्या मित्राने नातवाला हाक मारून परत बोलावलं, त्याच्या हातातला केस पेपर घेतला आणि ‘तब्येत छान आहे आजींची’ असं म्हणत पुढच्या भेटीचे तीन महिने खोडून चार केले.